तीन पाडवे आणि एक रिकामं मैदान

आमच्या गावच्या यात्रा कमिटीची एक वही आहे. लाल कापडाच्या बांधणीची, किराणा दुकानात असते तशी. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. चैत्रात यात्रा भरते आणि पालखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचं मैदान होतं. वही माझ्या चुलत्यांकडे असते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दर वर्षाला दोन समोरासमोरची पानं. डावीकडे जमा : घरटी वर्गणी, देणग्या, मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्यांनी पाठवलेले पैसे. उजवीकडे खर्च : फुलं, मंडप, हलगीवाले, लाउडस्पीकर, आणि सगळ्यांत मोठा आकडा कुस्त्यांच्या इनामाचा. खाली जोड्यांची यादी, पहिल्या नंबरच्या कुस्तीपासून पोरांच्या कुस्त्यांपर्यंत.

२०२० च्या पानावर वर्गणी जमा आहे, जोड्या लिहिलेल्या आहेत आणि सगळ्यावर एक आडवी रेघ मारून 'परत' असा शेरा आहे. २०२१ च्या पानावर तीनच ओळी आहेत : पुजारी, हार, नारळ. २०२२ चं पान पुन्हा भरलेलं आहे.

ही पानं मी पाहिली ती बऱ्याच उशिरा. महामारीच्या दोन वर्षांत माझं लक्ष भलतीकडेच होतं. जगभरच्या फुटबॉलच्या मैदानांत प्रेक्षकांना परत कधी घ्यायचं, किती घ्यायचं, किती अंतरावर बसवायचं, यावरची प्रत्येक बातमी मी वाचत होतो. जर्मनीने काय केलं, इंग्लंडने काय केलं, हे मला तोंडपाठ होतं. हाच प्रश्न माझ्या घरापासून चार पावलांवर, एका लाल वहीत पडून आहे, हे ध्यानात आलं नव्हतं.

आधी फुटबॉलचंच सांगतो, कारण तिथे प्रश्नाची दोन्ही टोकं स्वच्छ दिसतात.

१९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया या क्लबांचा सामना झाला. अटलांटा हा बर्गामो शहराचा क्लब. चाळीस हजारांवर प्रेक्षक होते, त्यांतले बहुतेक बर्गामोहून बसने, गाडीने आलेले. काही आठवड्यांत बर्गामो हे इटलीतल्या साथीचं सर्वांत भयंकर ठिकाण झालं आणि त्या सामन्याकडे बोटं दाखवली जाऊ लागली. गर्दी म्हणजे काय होऊ शकतं, याचा तो धडा होता.

मग १६ मे २०२० ला जर्मनीची बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली, रिकाम्या मैदानांत. डॉर्टमुंडच्या ज्या स्टेडियममध्ये ऐंशी हजार माणसं बसतात, तिथे चेंडूला लाथ मारल्याचा आवाज टीव्हीवर ऐकू येत होता. अशा सामन्यांना जर्मन लोक 'भुतांचे सामने' म्हणतात. जूनमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीगही तशीच सुरू झाली. आपल्याकडे इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीने मोहन बागानला शेवटच्या मिनिटाच्या गोलवर हरवलं, तेव्हा फातोर्ड्याच्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

पण त्याच इंग्लंडमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या क्लबांनी जून २०२० मध्ये आपले साखळी सामने अर्ध्यावरच संपवायचा निर्णय मतदानाने घेतला. रिकाम्या मैदानात खेळणं त्यांना परवडणारं नव्हतं. मोठ्या क्लबांचा पैसा टीव्हीवरून येतो, छोट्या क्लबांचा दारावरच्या तिकिटातून. दार बंद झालं की मोठ्यांचा खेळ मुका होतो, छोट्यांचा थांबतो.

हे वाचताना मी मान डोलावली होती. पुढचा विचार मात्र केला नाही.

तो विचार करायला लावणारा आठवडा महाराष्ट्रातच येऊन गेला. मार्च २०२१ च्या अखेरीस पुण्याजवळ गहुंजे इथे भारत-इंग्लंड यांचे तीन एकदिवसीय सामने झाले. राज्यात रुग्ण वाढत होते म्हणून एकाही प्रेक्षकाला आत सोडलं नाही. सचिनचा प्रसिद्ध चाहता सुधीरकुमार जवळच्या डोंगरावर चढून तिरंगा फडकावत होता, त्याचे फोटो सगळीकडे छापून आले. तिसरा सामना २८ मार्चला झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २ एप्रिलला, रंगपंचमी होती. त्या दिवशी सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या बावधनला भैरवनाथाचं बगाड निघतं. लाकडी रथावर उंच शीड, शिडाला टांगलेला नवसाचा बगाड्या, रथाला जुंपलेले बैल, आणि बघायला लोटलेली गावंच्या गावं. त्या वर्षी बंदी होती. गावकऱ्यांनी अंधारातच बगाड काढलं आणि पोलिसांनी मोठ्या संख्येने गुन्हे दाखल केले.

गहुंजेला खेळ झाला, प्रेक्षक नव्हते. बावधनला प्रेक्षकांना, म्हणजे गावाला, बाजूला काढून काही उरतच नव्हतं. गावकऱ्यांनी केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पुढच्या दोन महिन्यांत सातारा-सांगलीत जे झालं ते पाहता नक्कीच म्हणत नाही. पण एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, एकाच नियमाखाली एक खेळ चालू शकत होता आणि दुसरा नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पंढरीच्या वारीतही त्या दोन वर्षांत काही करता आलं. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकरी घरी बसले, पण वारी चुकली नाही असं म्हणायची सोय राहिली. कुस्तीत ती सोय नाही. कुस्ती प्रतीकात्मक होत नाही.

का होत नाही, हे समजायला कुस्तीचा पैसा कुठून येतो ते पाहावं लागतं.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी कुस्तीच्या दृष्टीने तो एकच मुलूख. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. शेजारी कोल्हापूर. या मुलखात पैलवानाचा पोशिंदा एके काळी राजा असे. सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थानं होती आणि सगळ्यांत मोठा आधार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. भोवतीच्या चढत्या बैठकीमुळे शेवटच्या माणसालाही हौद्यातली कुस्ती दिसते. राजाने पैलवान पोसले आणि प्रेक्षकांची बसायची सोयही करून ठेवली.

राजा गेला आणि प्रेक्षक राहिला, हे एकाच माणसाच्या आयुष्यात लख्ख दिसतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशाने. तिथे ते सहावे आले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे आणायचे कुठून? खाशाबा गावोगाव वर्गणी मागत फिरले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते.

त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान घेतलं, स्वतः कुस्त्या केल्या आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे हेलसिंकीचं पदक शेवटी हौद्याभोवती बसलेल्या माणसांनी फेडलेलं आहे. चार वर्षांत पोशिंदा बदलला. राजाच्या जागी तिकीट काढणारा, वर्गणी देणारा माणूस आला.

तेव्हापासून आजपर्यंत गावच्या मैदानाचा व्यवहार तोच आहे. कमिटी घरटी वर्गणी काढते. कुणी साखर कारखान्यातला, कुणी दुकानदार, कुणी गलाई व्यवसायात पैसे मिळवलेला, एकेक कुस्ती आपल्या किंवा वडिलांच्या नावाने लावतो. निवेदक ते नाव चार वेळा पुकारतो. हे सगळं गर्दीसाठी असतं. गर्दी नसेल तर नाव पुकारायचं कुणासमोर? गर्दी नसेल तर वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जायचं? शिवाय प्रेक्षक नुसता पैसे देत नाही. ठरवून केलेली कुस्ती तो तिथल्या तिथे ओळखतो आणि हुर्यो उडवतो. एखाद्या पोराने स्वतःपेक्षा जड गडी चितपट केला तर खिशातली नोट काढून त्याच्या हातात देतो. कुस्ती अर्धा तास नुसती रेटारेटीत गेली तर 'सोडवा' म्हणून ओरडतो. आमच्याकडे पैलवानाची किंमत अशीच ठरत आली. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन आले, पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी झाले. पण त्यांना आधी ओळखलं ते जत्रांच्या मैदानांनी.

हंगाम मात्र ठरलेला. सुगी झाली, ऊस तुटत आला, की पौष-माघापासून जत्रा सुरू होतात. चैत्र-वैशाखात रोज कुठे ना कुठे मैदान असतं. पाऊस आला की संपलं. त्या चार-पाच महिन्यांत जे इनाम मिळेल, त्यावर वर्षभराचं दूध, तूप, बदाम आणि तालमीचा खर्च. नोकरदाराला महिन्याचा पगार असतो, पैलवानाला असा हंगाम.

आता पाडव्यांकडे येऊ.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. दोनच दिवस आधी आमच्या तालुक्याच्या गावी, इस्लामपुरात, परदेशातून आलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित निघाले होते आणि बघता बघता तिथला आकडा दोन डझनांवर गेला. गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते बंद झाले. अण्णांनी त्याच आठवड्यात वर्गणी परत केली. यात्रा व्हावी असं तेव्हा गावात कुणीही म्हणालं नाही.

या भागाला हे नवीन नव्हतं. राज्य सरकारने मार्च २०२० मध्ये जो कायदा वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा. अवघ्या चार कलमांचा. मुंबईत प्लेग आला म्हणून फेब्रुवारी १८९७ मध्ये तो घाईने केला होता. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजंही थांबवली गेली. जत्रा, यात्रा आणि रेल्वेने जाणारी माणसं, यांवर सरकारचा पहिला डोळा होता. प्लेग सातारा जिल्ह्यात पोचला, कऱ्हाडात पोचला, आणि गावं ओस पडली. लोक रानात खोपी घालून राहत. माझ्या आजीला प्लेग आठवत नव्हता, पण 'खोपीत जाणं' हा शब्दप्रयोग तिच्या तोंडी होता. तिच्या आईकडून आलेला. १९१८ च्या मानमोडीच्या गोष्टीही तशाच आल्या. साथ आली की माणसांनी पांगायचं, हे इथल्या लोकांना सरकारने शिकवावं लागलं नाही.

गर्दीची भीतीही इथे पुस्तकी नाही. जानेवारी २००५ मध्ये वाई तालुक्यातच मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीत जवळजवळ तीनशे माणसं गेली. त्या रात्री सातारच्या शवागाराबाहेर जे उभे होते, त्यांना गर्दीचे दोन्ही चेहरे माहीत आहेत. म्हणून बंदीच चूक होती, असं म्हणणाऱ्यांत मी नव्हतो आणि आजही नाही.

दुसरा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. त्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली. त्याच भाषणात मदतही जाहीर झाली : नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. मदत योग्यच होती. पण यादीतले शब्द पुन्हा वाचा : नोंदणीकृत, परवानाधारक, अधिकृत. जत्रेतल्या पैलवानाची नोंद कुठल्या कार्यालयात असते? हलगीवाल्याची? पाळणेवाल्याची? त्यांची नोंद असते ती आमच्या लाल वहीसारख्या वह्यांत.

आणि दोनच दिवसांनी, १५ एप्रिलला, संचारबंदी असताना मुंबईच्या वानखेडेवर आयपीएलचा सामना झाला. प्रेक्षक नव्हते, खेळाडू बायो-बबलमध्ये होते, नियमाचा भंग कुठेच नव्हता. मी तो सामना मोबाइलवर पाहिला.

त्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आधी, शेजारच्या गावचा एक पैलवान अण्णांकडे आला होता. कोल्हापूरच्या तालमीत चार वर्षं काढलेला, २०२० च्या यादीत दुसऱ्या नंबरच्या कुस्तीला त्याचं नाव होतं. तालीम बंद झाल्यावर घरी आलेला. ओट्यावर उभा राहूनच त्याने विचारलं, "अण्णा, आवंदा तरी फड हाय का?"

अण्णा म्हणाले, "न्हाई रं बाबा. कसं करायचं?"

"मानसं नसली तरी चालंल. दोगं-तिगं पंच ठिवा आन् कुस्ती लावा."

"आन् इनाम कुणाकडनं आणू?"

तो हसला आणि गेला. अण्णांचा प्रश्न साधा होता. माझ्या मते महामारीत खेळांविषयी विचारला गेलेला तो सगळ्यांत नेमका प्रश्न होता. युरोपातल्या छोट्या क्लबांनी मतदान करून जे सांगितलं, तेच अण्णांनी ओट्यावर बसून सांगितलं.

ती दुसरी लाट आमच्याकडे लवकर ओसरली नाही. राज्यात इतरत्र आकडे उतरले तरी सातारा, सांगली, कोल्हापूर इथे जुलैपर्यंत रुग्ण निघतच होते, आणि त्याच जुलैत कृष्णेचा पूर आला. अण्णांचा 'न्हाई' बरोबर होता. आमच्या गावातली काही माणसं त्या तीन महिन्यांत गेली. त्यांतल्या दोघांनी आयुष्यभर मैदानाला देणगी दिलेली आहे. त्यांची नावं वहीत दर वर्षी सापडतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने बंदी मोडून बैलगाडा शर्यत झाली. तिथे प्रश्न साथीपेक्षा शर्यतीवरच्या न्यायालयीन बंदीचा होता आणि त्यात राजकारणही होतं. पोलिसांचा बंदोबस्त चुकवून माळावर माणसं जमलीच. सर्वोच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात शर्यतींना अटी घालून परवानगी दिली. तोवर ओमायक्रॉन आला.

जानेवारी २०२२ च्या नव्या निर्बंधांत खेळांविषयीचं एक कलम होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आधीच ठरलेल्या स्पर्धा प्रेक्षकांविना, खेळाडूंना बबलमध्ये ठेवून घ्यायला मुभा. शहर आणि जिल्हा पातळीवरची शिबिरं, स्पर्धा बंद. ज्यांना बबल परवडतो त्यांच्यासाठी दार किलकिलं, बाकीच्यांसाठी कडी. कुणी मुद्दाम अन्याय करायला बसलं होतं असं नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खेळ म्हणजे टीव्हीवरचा खेळ होता, एवढंच. प्रेक्षक हा त्याला खेळातून वजा करता येणारा भाग वाटला. फातोर्ड्याला तो वजा करता आला. आमच्या मैदानात प्रेक्षक वजा केला की शून्य उरतं.

मग दार उघडायला लागलं, तेही त्याच क्रमाने. २ मार्च २०२२ च्या आदेशात चौदा जिल्ह्यांना पूर्ण क्षमतेची मुभा मिळाली. अट अशी : नव्वद टक्के लोकांना लशीची पहिली मात्रा, सत्तर टक्क्यांना दुसरी, आणि बाधितांचं व भरलेल्या खाटांचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या आत. त्या चौदांत सातारा होता, सांगली होता, कोल्हापूरही होता. आठ महिन्यांपूर्वी राज्याच्या काळजीचे असलेले हे तीन जिल्हे गावोगावच्या आरोग्यसेविकांनी आणि आशाताईंनी त्या यादीत नेऊन बसवले, हे लिहून ठेवलं पाहिजे. मैदानाचं दार खऱ्या अर्थाने त्यांनी उघडलं. २० मार्चला फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना भरल्या स्टेडियममध्ये झाला. हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवलं. २६ मार्चला मुंबईत आयपीएल पंचवीस टक्के प्रेक्षकांनिशी सुरू झाली. आणि ३१ मार्चला मंत्रिमंडळाने ठरवलं की पाडव्यापासून सगळे निर्बंध उठतील.

तिसरा पाडवा. २ एप्रिल २०२२.

तीन दिवसांनी, ५ एप्रिलला, साताऱ्यात महाराष्ट्र केसरी सुरू झाली. आधीची झाली होती जानेवारी २०२० मध्ये, पुण्यात बालेवाडीला; हर्षवर्धन सदगीर जिंकला होता. मध्ये सव्वादोन वर्षं गदा कुणीच उचलली नव्हती. १९६१ मध्ये सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासूनची ही परंपरा. साताऱ्याला तिचं यजमानपद कित्येक दशकांनी मिळालं. ९ एप्रिलच्या अंतिम कुस्तीला मी अण्णांना घेऊन छत्रपती शाहू क्रीडा संकुलात गेलो. अण्णांनी मास्क लावला होता, तो दहा मिनिटांत हनुवटीवर आणि मग खिशात गेला. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. पिछाडीवरून तो वर आला तेव्हा जो आवाज उठला, तो ऐकून अण्णा एवढंच म्हणाले, "ह्ये टीव्हीत येत न्हाई."

त्यानंतरची गोष्ट मिरवणुकीत झाकली गेली नाही, हे बरं झालं. गदा मिळाली पण रोख बक्षीस मिळालं नाही, अशी खंत नव्या महाराष्ट्र केसरीने बोलून दाखवली. राज्यभर चर्चा झाली, मग मदत जाहीर करणाऱ्यांची रीघ लागली. दोन वर्षांनी दार उघडलं, माणसं आत आली, टाळ्या वाजल्या. पैलवानाच्या पोटाचा प्रश्न मात्र दाराबाहेरच उभा होता. प्रेक्षक परत आला म्हणजे सगळं परत आलं, असं नसतं.

आमच्या गावची यात्रा त्याच चैत्रात झाली. वर्गणी कधी नव्हे इतकी जमली. २०२२ चं पान मी २०२० च्या पानाशेजारी ठेवून पाहिलं. रेघ मारलेल्या यादीतली बरीच नावं परत आलेली आहेत. दुसऱ्या नंबरच्या कुस्तीचं नाव नाही. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "वजन गेलं त्याचं. आन् वय काय थांबतंय?" तो आता ट्रॅक्टर चालवतो, बरं चाललं आहे. पण पैलवानाच्या अंगात ऐन उमेदीची वर्षं सहा-सात असतात. त्यांतली दोन त्याने सगळ्यांच्या जिवासाठी दिली आणि कुणी ती मागितल्याची नोंदही कुठे नाही.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. तोवर मी 'प्रेक्षक परत आले' हे शब्द सहज वापरत होतो. तिथे बसल्यावर कळलं, की परत येतो तो, जो आधी आत होता. गावच्या मैदानाला बायका सहसा नसत. छपरावरून, गच्चीवरून दिसेल तेवढं बघत. सांगलीत आया, मावश्या, शाळकरी मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्या परत आल्या नव्हत्या, पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांच्यासाठी दार बंद होतं ते साथीमुळे नव्हे.

पुन्हा कधीतरी साथ येईल. पुन्हा मैदानं बंद करावी लागतील आणि तेव्हाही मी बंद करा असंच म्हणेन. पण तेव्हा मोजताना प्रेक्षक हा नुसता संसर्गाचा आकडा धरू नये. तो कुणाचा तरी पगार आहे, हेही धरावं. दार कधी उघडायचं याची चर्चा खूप झाली. दार बंद असताना आतल्यांनी काय खायचं, याची व्हायला हवी होती.

अण्णांनी ती आपल्यापुरती केली आहे. २०२० ची वर्गणी परत दिली ती चूक झाली, असं ते आता म्हणतात. लोक परत मागत नव्हतेच. वहीच्या पहिल्या पानावर, देवाच्या नावाखाली, गेल्या वर्षी कमिटीचा एक ठराव लिहिला गेला. अक्षर अण्णांचंच, थोडं थरथरतं : 'काही कारणाने मैदान रद्द झाल्यास, जोड ठरलेल्या प्रत्येक पैलवानास निम्मं इनाम घरपोच द्यावं. मुलींच्या कुस्त्यांनाही हाच नियम.'